‘इटिओप्लास्ट’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या वनस्पतिशास्त्राच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘इटिओप्लास्ट’पाशी अडले आहे. अंधारात वाढलेल्या रोपातील, हरितद्रव्य तयार न झालेले लवक (वनस्पतीच्या पेशीतील एक सूक्ष्म घटक) असा त्याचा अर्थ आहे. मी ‘पीतलवक’ लिहिले, परंतु संपादकांना तो वर्णलवकाचा, म्हणजे हिरव्याखेरीज इतर रंगांच्या लवकाचा, प्रकार वाटतो. दुसरा शब्द सुचवाल का?

जुनी वही: संपादकांचा आक्षेप रास्त आहे. पिकणाऱ्या टोमॅटोत हरितलवकातील पटलांच्या चळती मोडतात, लायकोपीन हे लाल रंगद्रव्य साठते आणि त्याचे वर्णलवक होते. नवरात्रात अंधाऱ्या देवघरात घटाचे धान पिवळे उगवते, त्याच्या पानांत मात्र त्या चळती रचल्याच गेलेल्या नसतात. त्यांची सामग्री स्फटिकासारख्या जाळीदार पुंजक्यात थांबलेली असते आणि उजेड मिळाल्यावर काही तासांत तिच्यातून पटले पसरू लागतात. म्हणून रंग सोडून ‘तमोलवक’ म्हणावे.

माळरान: ‘तमोलवक’ ऐकून कोणत्या मुलाला घटाचे धान आठवेल? ‘इटिओप्लास्ट’ तसाच ठेवून पुढे धानाचे उदाहरण द्यावे. दर संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द घडवण्याच्या आग्रहामुळेच मुले मराठीतून विज्ञान वाचायला कचरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी वही: मग ‘हरितलवक’ही संस्कृतच आहे, आणि तो मुलांच्या तोंडी रुळला आहे. वापरल्याशिवाय कोणताच शब्द रुळत नाही.

शिक्षिका: मला ‘प्रकार’ हा शब्द अधिक खटकतो. हरित, वर्ण आणि अवर्ण ही रंगांवरची विभागणी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८८३ मध्ये केली आणि पाठ्यपुस्तकांत ती आजही टिकून आहे. परंतु वर्धी ऊतीतील इवल्या, रंगहीन पूर्वलवकांपासूनच ही सारी रूपे घडतात आणि पुढे एकमेकांत बदलूही शकतात. उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो, तो त्यातील पिष्ट साठवणाऱ्या लवकांचे हरितलवकांत रूपांतर झाल्यामुळे. व्हॅलेन्सिया जातीचे पिकलेले संत्रे तर झाडावरच पुन्हा हिरवट होते. म्हणून ‘अवस्था’ म्हणावे. शिवाय अवर्णलवकाला ‘श्वेतलवक’ म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण ते पांढरे नसते, रंगहीन असते.

माळरान: ‘श्वेतलवक’ आम्ही शाळेत शिकलो आणि त्याने कोणाचे काही अडले नाही. बरे, ‘लवक’ तरी कुठून आला? अंगावरच्या कोवळ्या केसांना आमच्याकडे लव म्हणतात. तिच्याशी याचा संबंध असावा.

जुनी वही: संबंध ‘लवलेश’मधल्या ‘लव’शी असावा. तो ‘लू’, म्हणजे कापणे, या धातूपासून आला. कापलेला बारीक अंश, म्हणून कण.

शिक्षिका: व्युत्पत्ती पटते, पण लवके कापून वेगळी झालेली नसतात, असलेली लवकेच विभागून नवी होतात आणि त्यांचा स्वतःचा डीएनएही असतो. ‘अंश’ या अर्थाने ते स्वातंत्र्य झाकले जाते.

जुनी वही: तसे पाहिले तर मूळ ‘प्लास्टिड’ या शब्दातही ते स्वातंत्र्य दिसत नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ केवळ ‘घडवलेले’ असा आहे.