प्रतिसाद: हे ब्रायोप्सिस दिसतंय
दादा, तुमच्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टाकीत वाढलेलं हिरवं शेवाळ कोणतं आणि ते कसं घालवायचं, असं तुम्ही विचारलंय. फोटोतल्या हिरव्या काड्यांना पिसासारख्या फांद्या आहेत, म्हणजे हे साधं केसाळ शेवाळ नाही, ब्रायोप्सिस आहे. वरच्या प्रतिसादांत सुचवलेल्या शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. टाकीत ओढून काढू नका, तुकड्यांतून पुन्हा फुटतं. फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध लागू पडतं: १०० लिटरला साधारण ५०० मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही दिवा बंद, दोन आठवडे धीर धरा. मरणारं शेवाळ फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचंच खाद्य, सोडतं, म्हणून नंतर पाणी बदलाच.

नाशिकच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं. ती भर नळाच्या पाण्याने घालत असाल तर आधी ते थांबवा, त्यातलं नायट्रेट टाकीतच साठत जातं आणि तेही शेवाळाचं खाद्यच. आरओ-डीआय फिल्टरमधून क्षार काढलेलं, शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणीच घाला. फॉस्फेट मात्र पार शून्यावर नेऊ नका, कोरलनाही थोडं लागतं.