दोन फासे, एक श्वास
पाचव्या आवृत्तीने डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ बाळबोध करून टाकला, हे मला अजिबात पटत नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वार करण्याआधी फाशाच्या आकड्यात मिळवायच्या बेरजा चालायच्या: उंचावर उभे आहात, +१, शत्रूला दोन्ही बाजूंनी घेरलंय, +२... तोवर लढाईतली हवाच निघून जायची. २०१४ साली पाचव्या आवृत्तीत अ‍ॅडव्हांटेज आलं: परिस्थिती तुमच्या बाजूची असेल, तर एकाऐवजी वीस बाजूंचे दोन फासे टाका, मोठा आकडा घ्या. अकरा किंवा जास्त हवे असतील, तर शक्यता ५० वरून थेट ७५ टक्के! दुसरा फासा गडगडत असताना सगळं टेबल श्वास रोखून बघतं.

एक मात्र खटकतं. कारणं चार असली तरी फासे दोनच, त्यामुळे एकदा अ‍ॅडव्हांटेज मिळालं की खेळाडू पुढची युक्ती शोधतच नाहीत. तिथे खेळ चालवणारी म्हणून मी अजूनही जुना +२ देते.