पेसमेकरची तार खालच्या कप्प्यात नेमकी कुठे बसवावी?

मुलुंडकर:
माझी आई ६८ वर्षांची आहे. सोमवारी दादर स्थानकाच्या पुलावर तिला भोवळ आली आणि ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विद्युत संदेश अजिबात न पोहोचणे) निघाला. इकोनुसार पंपिंग ४५ टक्के आहे. सध्या ती तात्पुरत्या पेसमेकरवर स्थिर आहे. कायमच्या पेसमेकरची खालच्या कप्प्यातील तार उजव्या जवनिकेच्या, म्हणजे उजव्या खालच्या कप्प्याच्या, टोकाशी बसवावी की मधल्या पडद्यात खोल रोवून डाव्या बंडल ब्रँचपर्यंत (डाव्या बाजूला विद्युत संदेश नेणाऱ्या शाखेपर्यंत) न्यावी, याविषयी डॉक्टर उद्या आमच्याशी बोलणार आहेत. टोकाची जागा जुनी, म्हणून तीच खात्रीची, असे मामांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

निवृत्त कॅथलॅब तंत्रज्ञ:
टोकाची जागा रूढ झाली ती हृदयाला मानवते म्हणून नव्हे, तर तिथे तार सहज पोहोचते आणि स्नायूंच्या जाळीत पक्की बसते म्हणून. निरोगी हृदयात विद्युत संदेश हिस बंडल या वाहक तंतूंच्या जुडग्यातून आणि त्याच्या शाखांमधून दोन्ही जवनिकांत जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो. टोकाशी पेसिंग केले की हा हमरस्ता सुटतो, संदेश स्नायूंमधून सावकाश सरकतो आणि डावी बाजू मागाहून आकुंचन पावते. हे ईसीजीच्या कागदावर डोळ्यांना दिसते: एरवी अडीच छोट्या चौकोनांत, म्हणजे १०० मिलिसेकंदांत, आटोपणारा क्यूआरएस, म्हणजे जवनिकांच्या ठोक्याची उंच रेघ, चार चौकोनांपर्यंत पसरतो. ज्याला पेसमेकर अधूनमधूनच लागतो, त्याचे यामुळे सहसा बिघडत नाही. आपल्या आईंना मात्र पूर्ण ब्लॉक आहे, म्हणजे खालच्या कप्प्याचा जवळजवळ प्रत्येक ठोका पेसमेकरच देणार. पंपिंग ३६ ते ५० टक्के असून ४० टक्क्यांहून अधिक पेसिंग अपेक्षित असेल, तर नैसर्गिक वहनाशी जुळणारी पद्धत निवडणे योग्य, असे अमेरिकेतील २०१८ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आईंचे दोन्ही आकडे त्यात बसतात.

गिरगावकर:
माझ्या वडिलांना टोकाशीच तार बसवली होती. पाच वर्षांनी चाळीचा जिना चढताना ते कठडा धरून मध्येच थांबू लागले. आम्ही वयाला बोल लावला; इकोत मात्र पंपिंग ५५ वरून ३५ वर आलेले दिसले. पुढे डाव्या बाजूसाठी आणखी एक तार घालून सीआरटी (दोन्ही जवनिका एकत्र आकुंचन पावतील असे पेसिंग) करावी लागली, तेव्हा ते सावरले. प्रत्येकाचे असे होत नाही. माझ्या मावशीचे बारा वर्षांनंतरही उत्तम चालले आहे. तरीही जागा कोणतीही ठरो, आईंचा इको वेळोवेळी करून घ्या.

मुलुंडकर:
आपल्या दोघांचाही आभारी आहे. पडद्यात तार रोवण्यात धोका कोणता?

निवृत्त कॅथलॅब तंत्रज्ञ:
ती स्क्रूसारखी फिरवत आत न्यावी लागते. कमी गेली तर बंडलपर्यंत पोहोचत नाही; जास्त गेली तर पडद्यापार डाव्या जवनिकेत निघते आणि मागे घेऊन दुसरीकडे बसवावी लागते. त्यासाठी सरावलेला हात हवा. म्हणून आपण स्वतः अशा किती तारा बसवल्या आहेत आणि पडद्यात जमले नाही तर पुढे काय करणार, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. थेट हिस बंडललाच तार लावण्याची पद्धतही आहे, परंतु तिथे अनेकदा जास्त व्होल्टेज लागून बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे माझा कल डाव्या शाखेकडे आहे. पेसमेकर बसल्यानंतरचा ईसीजी मागून घ्या आणि त्यावरचे चौकोन मोजून पाहा.