तीन गावांची नळयोजना: तीस वर्षांनंतरची माणसे कशी मोजावीत?

येरळाकाठ

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्यासह तीन गावे आणि त्यांच्या वाड्या-वस्त्यांसाठी एकत्र नळपाणीपुरवठा योजनेचे अंदाजपत्रक तयार होत आहे. मी पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सदस्य असल्याने ग्रामसभेत मला त्यावर बोलावे लागणार आहे. आज सुमारे १,१०० घरे व ५,२०० माणसे आहेत. दशकाला वीस टक्के वाढ धरून तीस वर्षांनंतर ९,००० माणसे दाखवली आहेत. अडचण अशी की निम्मी कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परमुलखात असून फक्त यात्रेला आणि दिवाळीला येतात. उलट टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी शिवारात आल्यापासून काही जण कायमचे परतले असून विटा शहराकडच्या रस्त्याला रानातच घरे बांधत आहेत. उद्भव (पाण्याचा स्रोत) म्हणून टेंभूच्या पाण्याने भरणाऱ्या पाझर तलावाखालची विहीर सुचवली आहे. हा आकडा फुगवलेला आहे की अपुरा, हे कसे ठरवावे?

जुना ओव्हरसियर

आकड्यावरून ग्रामसभेत भांडू नका. तो थोडा चुकला तरी निभावते, उद्भव चुकला तर निभावत नाही. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर आणि पंधरा टक्के गळती धरली, तर ९,००० माणसांना दिवसाला सुमारे ५ लाख ७० हजार लिटर पाणी लागेल, आजच्या ५,२०० माणसांना सुमारे ३ लाख ३० हजार. विहीर एवढे पाणी मे महिन्यात, टेंभूचे आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) बंद असताना देते का, हे पाहायचे आहे. कालवा वाहत असताना घेतलेली उपसा चाचणी (पंपाने उपसून विहीर किती पाणी देते ते पाहणे) ही विहिरीची नसून कालव्याची चाचणी असते. आपल्याकडचा काळा पाषाण भेगांतच काय ते पाणी धरतो, त्यामुळे आवर्तन थांबल्यावर पातळी किती झपाट्याने उतरते हे शेजारच्या बागायतदारास विचारा. तो कोणत्याही अहवालापेक्षा अचूक सांगेल.

लोकसंख्येसाठी तीन गावांना एकच टक्केवारी लावण्याऐवजी वस्तीवार घरे मोजा: बारमाही चूल पेटणारी, कुलूपबंद आणि गेल्या पाच वर्षांत बांधलेली. वाढ कोणत्या रस्त्याला आहे हे त्यातून आपोआप दिसते आणि जलवाहिनीचा व्यास तिकडे वाढवता येतो. वाहिन्या तीस वर्षांच्या मागणीसाठी घालाव्यात, कारण रस्ता पुन्हा कोणी खोदू देत नाही; पंप मात्र पंधरा वर्षांच्या मागणीपुरतेच घ्यावेत, कारण तोवर ते बदलावेच लागतात. तेवढ्याच पाण्याला चार इंचीऐवजी सहा इंची वाहिनी घातली तर घर्षण सुमारे सात पटींनी घटते, हे खर्च वाचवू पाहणाऱ्यांना आवर्जून सांगा.

माणदेशची माजी सरपंच

ओव्हरसियर साहेबांच्या म्हणण्यात मी विजेच्या बिलाची भर घालते, कारण आमच्या भागातील एक प्रादेशिक योजना पाणी असूनही बिल थकल्याने उन्हाळ्यातच बंद पडली होती आणि टाकीच्या सावलीत टँकर उभा राहत होता. हजार लिटर पाणी १२० मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरल्यास, अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज लागते. म्हणजे आजच्या मागणीला रोज सुमारे १८० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला सव्वापाच लाख, घरटी पावणेपाचशे रुपये. यात व्हॉल्व्हमनचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर आणि मोटारीचे रिवाइंडिंग धरलेले नाही. कुलूपबंद घराची पाणीपट्टी कोण भरणार, याचा ठराव योजना मंजूर होण्यापूर्वीच करून घ्या.

जनावरे ५५ लिटरांत बसत नाहीत, हेही विसरू नका. दुभती म्हैस उन्हाळ्यात माणसाहून जास्त पाणी पिते, आणि हौद वेगळा दिला नाही तर तिचे पाणी नळातूनच जाते. मग शेवटच्या वस्तीला धार येत नाही आणि तिथले लोक पाणी ओढायला नळालाच मोटारी लावतात. एकदा मोटारी लागल्या की पुढचे कोणतेही गणित उपयोगाचे राहत नाही.

येरळाकाठ

दोघांचेही आभार. उपसा चाचणीची तारीख पाहिली. ती फेब्रुवारीतील असून तेव्हा आवर्तन चालू होते. मे अखेरीस पुन्हा चाचणी घ्यावी, असा ठराव मांडणार आहे. घरांची मोजणी अंगणवाडी सेविकांच्या मदतीने येत्या आठवड्यात सुरू करू. यात्रेच्या चार दिवसांसाठी मोठी टाकी मागावी काय?

जुना ओव्हरसियर

नको. चार दिवसांसाठी टाकी मोठी केली तर उरलेले वर्षभर पाणी तिच्यात साचून राहते, क्लोरीन उडून जाते आणि शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमही शिल्लक राहत नाही. यात्रेत पंप चार तास जादा चालवा आणि त्यासाठी थ्री-फेज वीज त्या दिवसांत किती तास मिळते हे आधी लेखी घ्या.