हेलट म्हणजे गुलाम, कूळ की भूदास?

दुपारची_झोप: शाळकरी मुलांसाठी प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स आणि स्पार्टा या नगरराज्यांची तुलना करणाऱ्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. स्पार्टाच्या जमिनी कसणारे ते 'हेलट'. मी सरळ 'गुलाम' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'वेठबिगार' केलं. मला दोन्ही पटत नाही. दोनच पानं आधी लाव्रिऑनच्या चांदीच्या खाणीत राबणारे अथेन्सचे गुलाम येऊन गेलेत. ते कुठून कुठून आणून बाजारात विकलेले. हेलट मात्र बायकापोरांसकट, पिढ्यानपिढ्या त्याच जमिनीवर. दोघांना एकच शब्द वापरला तर तुलना कसली?

बांधावरचा: वेठबिगार नकोच. वेठीला धरलेला माणूस काम उरकलं की घरी जातो. हेलटानं पीक काढायचं आणि वाटा स्पार्टनाच्या घरी पोचवायचा, हे जन्मभर. तिर्तेउस हा स्पार्टाचाच कवी. स्पार्टानं जिंकून हेलट केलेल्या शेजारच्या मेसेनियाच्या लोकांबद्दल तो म्हणतो की ओझ्यानं वाकलेल्या गाढवांसारखे ते अर्धं पीक मालकाला नेऊन देत. आमच्या भागात अर्ध्या वाट्यानं जमीन कसणं म्हणजे अर्धेल. 'अर्धेलकरी' लिहा.

खोताचा_नातू: अर्धेल हा करार झाला हो, दोन्ही बाजूंनी मोडता येतो. त्यापेक्षा 'कूळ' बरं. कोकणातल्या वाचकाला लगेच कळेल.

बांधावरचा: खोत कुळांविरुद्ध दरवर्षी युद्ध पुकारायचे का? स्पार्टात नवे एफोर, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे बडे अधिकारी, अधिकारावर आले की आधी हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करायचे. म्हणजे मग हेलटाला मारलं तरी खुनाचं पाप नाही! आणि 'कूळ' म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ येतो. जमीन कसणाऱ्याची झाली तो दिवस. हेलटांना कुठला आलाय सातबारा.

संस्कृतप्रेमी: एवढी ओढाताण कशाला? 'भूदास', म्हणजे जमिनीला बांधलेला दास, हा स्वच्छ, तयार शब्द आहे.

दुपारची_झोप: भूदास म्हटलं की मध्ययुगातला सरदार आणि त्याची गढी डोळ्यांपुढे येते. हेलट एका मालकाचे नव्हतेच, राज्याचे होते. ज्याची जमीन ते कसत त्याला त्यांना मुक्तही करता येत नसे आणि सीमेबाहेर विकताही येत नसे.

संस्कृतप्रेमी: मग 'राज्यदास'.

चहाटळ: राज्यदास तर अथेन्समध्येही होते. सभेत गडबड झाली की लोकांना आवरायला राज्याच्या मालकीचे सिथियन तिरंदाज. पोलीस गुलाम, नागरिक स्वतंत्र. झाला का पुन्हा गोंधळ?

बांधावरचा: म्हणून म्हणतो, 'हेलट' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत समजावा. इ.स.पू. ४६४ च्या भूकंपानंतर हेच लोक मेसेनियातल्या इथोमे डोंगरावर वर्षानुवर्षं लढले. पुढे ल्युक्ट्राच्या लढाईत स्पार्टा हरल्यावर, इ.स.पू. ३६९ मध्ये, थीब्स या दुसऱ्या ग्रीक नगरराज्याचा सेनापती एपामिनोंदास यानं मेसेनिया स्वतंत्र केला. खाणीतले गुलाम पळून जायचे, यांनी स्वतःचं राज्य परत मिळवलं. 'गुलाम' या शब्दात हे मावत नाही.

दुपारची_झोप: बरं, एफोरांना काय म्हणू? ते पाच असायचे, म्हणून मी 'पंच' केलंय.

खोताचा_नातू: झकास! राजालाही दंड करणारे पंच. आर्किदामोस राजानं बुटकी बायको केली म्हणून त्याला दंड झाल्याची गोष्ट आहे ना? ही राजे नाही, राजुकले देईल म्हणे.

संस्कृतप्रेमी: पंच तंटे सोडवतात. दरवर्षी निवडून येऊन दोन-दोन राजांवर नजर ठेवणाऱ्यांना 'निरीक्षक' म्हणावं.

चहाटळ: निरीक्षक म्हटलं की शाळा तपासायला आलेले साहेब आठवतात. पण ताई, पुस्तिकेत 'लोकशाही अथेन्स, हुकूमशाही स्पार्टा' असं तर नाही ना लिहिलेलं? स्पार्टात हुकूमशहा दाखवा बरं कुठे आहे. दोन राजे, त्यांच्यासह तीस जणांचं ज्येष्ठमंडळ, वर हे पाच. ज्येष्ठांची निवड तर ओरडून! ज्याच्या वेळी आरडाओरडा जास्त तो निवडून आला, आणि आवाज तोलणारे शेजारच्या बंद खोलीत. गोंगाटशाही म्हणा हवं तर.

संस्कृतप्रेमी: त्या 'शाही'लाच माझा आक्षेप आहे. आदिलशाही, निजामशाही आणि त्याच पंगतीत लोकशाही? शाह म्हणजे राजा. लोकांच्या राज्याला राजाचं शेपूट!

बांधावरचा: शेपूट कधीच आपलं झालंय. झुंडशाही, घराणेशाही, नोकरशाही, यातला शाह कोण?

खोताचा_नातू: आणि 'लोक' तरी कोण? अथेन्सच्या सभेत बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन स्थायिक झालेले नाहीत. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्या इ.स.पू. ४५१ च्या कायद्यानंतर नागरिक व्हायला आई-वडील दोघंही अथेन्सचे हवेत. उलट स्पार्टातल्या बायकांच्या हातात देशाची जवळजवळ दोन पंचमांश जमीन, अशी अ‍ॅरिस्टॉटलची तक्रार.

दुपारची_झोप: ते सगळं घेतलंय पुढे. सध्या 'ऑस्ट्रासिझम'पाशी, म्हणजे मतं घेऊन एखाद्याला शहराबाहेर काढण्याच्या अथेन्सच्या प्रथेपाशी, अडलेय. 'वाळीत टाकणे' चालेल?

चहाटळ: वाळीत टाकलेला गावातच राहतो, त्याला पाणी मिळत नाही. अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यावर नाव खरवडायचे, सहा हजार मतं पडावी लागत, मग ज्याचं नाव जास्त तो दहा वर्षं बाहेर. मालमत्ता शाबूत. 'तडीपार' नेमका बसतो.

संस्कृतप्रेमी: तडीपार गुंड होतात. अरिस्तायदीस 'न्यायी' म्हणून प्रसिद्ध होता, इ.स.पू. ४८२ मध्ये त्यालाच बाहेर काढलं.

खोताचा_नातू: त्या अडाणी शेतकऱ्यानं खुद्द त्याच्याकडूनच खापरावर त्याचं नाव लिहून घेतलं ना? कारण काय, तर सारखं 'न्यायी, न्यायी' ऐकून कान किटले! मला तर वाटतं आपलं 'खापर फोडणं' तिथूनच आलंय.

बांधावरचा: काहीही! आपल्याकडे मडकी काय कमी फुटतात?

खोताचा_नातू: मग 'खापरपार' कसा वाटतो?

संस्कृतप्रेमी: भयंकर. 'कर्परनिष्कासन' म्हणा.

चहाटळ: काका, पुस्तिका सातवीच्या मुलांसाठी आहे.