रात्री अभ्यासाला जागायला चहा-कॉफी-एनर्जी ड्रिंक, नेमकं किती चालतं?

पेठकर_तात्पुरता
नमस्कार मंडळी, सदाशिव पेठेत राहून राज्यसेवा करतोय. अभ्यासिका चोवीस तास चालू असते त्यामुळे रात्रीच जास्त वाचन होतं. उठल्यावर एक चहा, मेसच्या जेवणावर एक, संध्याकाळी टपरीवर पोरांसोबत दोन-तीन कटिंग, रात्री अकराला मोठा मग भरून इन्स्टंट कॉफी आणि टेस्ट सिरीज सुरू झाल्यापासून ते वीस रुपयेवालं एनर्जी ड्रिंक पण. आता होतंय काय की तीनला रूमवर येऊन आडवा झालो की डोळे जळतात पण झोप नाही, छातीत धडधड, सकाळी डोकं जड. परवा रात्री वाचलेलं ७३ वी घटनादुरुस्ती सकाळी मॉकला पूर्ण कोरं. त्यात रविवारी गावी गेलो तर घरी एकदाच चहा होतो, संध्याकाळी डोकं असं ठणकलं की आई म्हणाली चष्म्याचा नंबर काढून ये. हे कॅफिनचं आहे की नुसतं टेन्शन? आणि सोडायचं तर परीक्षा तोंडावर आलीये.

इंटर्न_नाईटड्युटी
एमबीबीएस इंटर्न आहे, आमच्या हॉस्टेलची पण हीच गत. आधी हिशोब कर. चहाच्या एका कपात साधारण 30 ते 65 मिग्रॅ कॅफिन, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65, कटिंग अर्धा धर, मोठा मग दीड-दोन कप धर. एनर्जी ड्रिंकला एफएसएसएआयची (आपल्याकडची सरकारी अन्नसुरक्षा संस्था) मर्यादा लिटरला 300 मिग्रॅ, म्हणजे 250 मिलिच्या बाटलीत जास्तीत जास्त 75. सगळं मिळून तुझं 300-350 च्या आसपास जातंय. युरोपची अन्नसुरक्षा संस्था मोठ्या माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालतं म्हणते, आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेनं 300 सांगितलंय. म्हणजे आकडा काठावर आहे, खरा घोळ वेळेचा आहे.

दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं झोप येते. कॅफिन त्याच्या जागेवर एसटीत रुमाल टाकतात तसा रुमाल टाकून ठेवतं. ॲडेनोसिन कुठं जात नाही, दांडीला धरून उभंच असतं, रुमाल उचलला की एकदम बसतं. म्हणून सकाळी डोकं जड. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, अकराची कॉफी पहाटे चारला निम्मी अंगात आहेच. 2013 च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी 400 मिग्रॅ दिलं तरी तासाभराहून जास्त झोप कमी झाली होती. आणि वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत, त्यामुळे तुझी घटनादुरुस्ती कुठं गेली ते कळलं असेलच.

रविवारचं डोकं म्हणजे विड्रॉवल, सवयीचं कॅफिन कमी पडल्याचा त्रास. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होतं, आठवडाभर पण टिकू शकतं. म्हणून एकदम बंद करू नको, आधी एनर्जी ड्रिंक काढ, मग रात्रीची कॉफी दुपारकडे सरकव. धडधडीसोबत चक्कर किंवा छातीत दुखत असेल तर मात्र इथं विचारत बसू नको, ईसीजी काढून घे.

जुना_भिडू
डॉक्टरसाहेबांचं बरोबर आहे पण टपरीचं कुणीच बोलत नाही. पाच मिनिटांचा चहा म्हणून उतरायचं आणि कटऑफ किती लागेल, कुणाची पोस्ट निघाली, भरतीची ॲड कधी येणार यात पाऊण तास घालवायचा, मग तो भरून काढायला रात्री जागायचं आणि जागायला परत कॉफी. पेठेतली निम्मी जागरणं संध्याकाळच्या टपरीमुळं आहेत, कॅफिन बिचारं फुकट बदनाम. मी बॅच बघून बघून सांगतोय, सहाला उठून बसणारी पोरं पण चहा पितातच की.

सोलापूरची_लेक
पेठकर, मेसच्या जेवणावरचा चहा आधी तोड. माझं हिमोग्लोबिन खाली गेलं होतं, गोळ्या चालू असून वर येईना, मॅडमनी पहिला प्रश्न विचारला जेवल्या जेवल्या चहा पितेस का. चहातल्या टॅनिनमुळं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास ठेवायचा. लेडीज होस्टेलला तर भूक मारायला पण चहाच पितात, मेसची भाजी बघून दुसरं करणार काय म्हणा.

इंटर्न_नाईटड्युटी
@सोलापूरची_लेक १००% बरोबर. अजून एक, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, पीसीओडीसाठी (पाळी अनियमित होण्याचा त्रास) पण त्याच देतात बऱ्याचदा, तर कॅफिन उतरायला दुप्पट वेळ लागतो. सिगारेटवाल्यांचं उलट, त्यांचं लवकर उतरतं म्हणून ते जास्त पितात. सिगारेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला तर हात थरथरायला लागतात, आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्यानं झालं.

पेठकर_तात्पुरता
सगळ्यांना धन्यवाद. एनर्जी ड्रिंक बंद, कॉफी चारच्या आत. @जुना_भिडू टपरीचं जिव्हारी लागलं राव. एकच शंका, पूर्वपरीक्षेच्या दिवशी सकाळी चहा घ्यायचा की नाही? पेपरात मध्येच लघवी लागली तर वांदे.

जुना_भिडू
रोज घेतोस तेवढाच घे, निवांत वेळ ठेवून आणि सोबत काहीतरी खा. न घेता गेलास तर दुसऱ्या पेपरला सीसॅटचे (कल चाचणी) उतारे वाचताना डोकं धरून बसशील. सेंटरबाहेर मित्र एनर्जी ड्रिंकचा कॅन हातात देईल, तो घेऊ नको.