‘एकहाती’ गाडी : मालक एक, की चालवणारा एक?

कापूसकोंड्या
घरी जुनी कार घ्यायचं चाललंय. वापर सटीसामाशी : आईला यवतमाळला डोळे दाखवायला न्यायचं, वर्षातून दोनदा शेगाव, चार लग्नं. बाकी दिवस ती गोठ्याशेजारी उभीच राहणार. म्हणून स्वस्तातली हवी, पण वाटेत दगा देणारी नको.

परवा दारव्ह्याकडे एक वॅगनआर पाहिली. फोनवर विकणारा म्हणाला, “सिंगल हँड गाडी हाये भाऊ.” जाऊन आरसी पाहिली तर मालकाच्या अनुक्रमांकापुढे ३. हे काय, विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, “मालक तीन झाले, हात एकच. तिघायकडेही ड्रायव्हर माहा भाऊच होता.” हसत परत आलो.

हा किस्सा मामांना (निवृत्त मास्तर) सांगताना मी ‘एकहाती गाडी’ म्हणालो. त्यांनी लगेच टोकलं : एकहाती म्हणजे एकट्याच्या बळावर. सत्ता एकहाती, सामना एकहाती; गाडी एकहाती कशी? तर सौदाचिठ्ठीत ‘सिंगल हँड’च्या जागी असं काय लिहावं, की मालक एकच होता हे पक्कं होईल?

शुद्धमती
‘एकस्वामी’ लिहा. ‘सेकंडहँड’ला ‘पूर्ववापरित’ आहेच. मराठीला शब्द नाहीत असं नाही, आपल्याला लाज वाटते. सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही लोक हसलेच असतील, आज कोणी हसत नाही.

वऱ्हाडी ठेचा
राजेहो, ‘एकस्वामी’ म्हटलं तं गिऱ्हाईक म्हनन, गाडी मठातून निंगाली का? आमच्याकडे ‘सेकन गाडी’ म्हनते. तिसऱ्या मालकाची असली तरी सेकनच. सेकन म्हंजे नवी नाही, बस्स.

धुरकरी
मामांचं अर्धंच बरोबर आहे. मराठीत ‘हात’ म्हणजे मालक, हे आरटीओच सांगतं. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० भरतो, त्याला म्हणतात ‘हस्तांतरण’. म्हणजे हात बदलला की मालक बदलला. पण ‘हात बसला’, ‘हाताला चव आहे’ इथे हात करणाऱ्याचा. तुमच्या विकणाऱ्यानं दोन अर्थांच्या मधल्या फटीतून गाडी काढली. लबाड असेल, पण भाषेचा जाणकार.

बाभूळबन
माझी अटकळ वेगळी. गुरांच्या बाजारात दोघं जण रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवतात. एका जोडीचा सौदा तसा झाला की एक ‘हात’ झाला. तिथून हे गाडीत आलं असावं.

धुरकरी
दादा, अटकळ गोड आहे, पण ‘सिंगल हँड’मधला हँड रुमालाखालून कसा निघाला? मात्र बाजाराची भाषा गाडीला लागते हे खरं. मागच्या पोळ्याआधी वडलांना घेऊन एक अल्टो पाहायला गेलो होतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि दलालाला विचारलं, “किती दाती?” दलालही कास्तकाराचा पोरगा. म्हणाला, “जुळली, काका.” आठही दात आलेला बैल जुळलेला, म्हणजे पुरता वयात आलेला. मी हसलो, वडील नाही. ते टायरशी वाकले आणि कडेचे चार आकडे मला वाचायला लावले : ३११७. म्हणजे २०१७ सालचा ३१वा आठवडा. दलाल आधी सांगत होता, टायर गेल्या साली टाकले. मीटर ४२ हजार, आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर पार गुळगुळीत. वडील म्हणाले, “तोंड उघडून पाह्य, दात खोटं बोलत नाही.” बॉनेटही गरम होतं. आम्ही येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं, थंड इंजिनाची पहिली खोकली आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून.

वऱ्हाडी ठेचा
वडलायले नमस्कार सांगजो. अन धूर पाह्यला का? निळा निंगाला तं ऑइल जळते.

शुद्धमती
विषय शब्दांचा आहे. बाकी मूळ लेखात ‘सटीसामाशी’ अशुद्ध आहे. षष्ठी आणि षण्मास यांवरून ‘सठीसहामासी’ असायला हवं.

बाभूळबन
षष्ठीची सटी मराठीत कधीच झाली आहे. सटवाईचीच सटी ती, पाचवीनंतरची. तिला ‘षष्ठीदेवीबाई’ म्हणायला सांगणार का? आणि मला तर यात साठ दिसतात : साठ दिवसांनी किंवा सहा महिन्यांनी.

शुद्धमती
साठ दिसतात, कारण तुम्हाला हवे आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून पाहा.

वऱ्हाडी ठेचा
मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची. तवा ना मोटार होती ना आरटीओ. त्याले काऊन मधात आनता?

पऱ्हाटी
मी उशिरा आले. भाऊ, शब्द काहीही लिहा, पण ‘पासिंग’ काय ते विचारा. आमच्या गावात पासिंगचे दोन अर्थ. ‘एमएच-२९ पासिंग’ म्हणजे यवतमाळची नोंद. ‘पासिंग संपली’ म्हणजे १५ वर्षं झाली, आता पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. माझ्या दिरांनी ‘वाशिम पासिंग आहे’ एवढं ऐकून घेतली, पासिंग संपलेली निघाली. आणि ‘घरगुती वापर’ या शब्दावर तर मुळीच विश्वास नको. नंबरप्लेट पांढरी, पण सीटखाली विड्यांची थोटकं आणि लग्नातल्या अक्षता. काळीपिवळीसारखी भाड्यानं धावलेली होती.

उभीच ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा तरी फिरवा. नुसती चालू करून बंद केली तर बॅटरी भरत नाही. गोठ्याशेजारी उंदीर वायरी कुरतडतात, ते वेगळंच.

कापूसकोंड्या
ताई, उंदरांचं लक्षात ठेवतो. धन्यवाद सगळ्यांना. काल दुसरी एक ठरली, २०१४ची. आरसीवर मालकापुढे १. सौदाचिठ्ठी विकणाऱ्यानंच लिहून आणली होती : ‘गाडी जशी आहे तशी, जेथे आहे तेथे.’ हात एक की तीन याचा उल्लेखच नाही, त्यामुळे मामांनाही टोकायला जागा उरली नाही. पाच हजार देऊन आलो. पावतीवर मात्र अडलो : इसार लिहायचं की विसार?

शुद्धमती
विसार.

बाभूळबन
इसार. आमच्या आजोबांच्या शेताच्या कागदावर इसार आहे.

वऱ्हाडी ठेचा
बयाना म्हन ना गा!